वरच्या काठाचा चेहरा

शकांब
२ जून १९९७

द्रानाताई,

लाझरदादाला काल पुरला. तू आली नाहीस. तुझ्या सासरच्यांनी तुला पुलापाशी अडवलं असं नर्स तेरेझ सांगत होती, म्हणून तुला बोल लावत नाही. पण आई कबरीपाशी सारखी मागं वळून पुलाकडं बघत होती, एवढं तुला कळायला हवं.

काय झालं ते नदीच्या तुमच्या काठाच्या लोकांनी तुला त्यांच्या सोयीनं सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक. पाटाच्या पाण्याची पाळी आमची होती. दादानं बांध फोडून पाणी मक्याला घेतलं, तेवढ्यात दाजींचा चुलतभाऊ बार्दोक खालून आला आणि बांध परत घालायला लागला. दादानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. बार्दोकनं फावडं उचललं आणि दादाच्या तोंडावर घातलं. मग पुन्हा घातलं, आणि तो पडल्यावरही घालतच राहिला. मी पोचलो तेव्हा दादा पाटात पालथा होता आणि तांबडं पाणी तुमच्या शेतांकडं चाललं होतं. त्याला उलटा केला तर तोंडच नव्हतं. नाक, गाल, वरचा जबडा, सगळ्याचा चिखल. आईला दाखवू नका म्हणालो, पण ती कुणाचं ऐकते? तिनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या तोंडावर बांधला आणि म्हणाली, सात पिढ्यांचं नाक होतं रे हे, मेल्यांनी तेवढंसुद्धा ठेवलं नाही.

आता दादाच्या बदल्यात आपल्याला त्यांचा एक पुरुष हवा. सरकारचं नाव काढू नकोस, सरकार मार्चपासून पळालंय. पोलीस ठाण्याची दारंसुद्धा लोकांनी उचलून नेली आणि दारूगोळ्याची कोठारं फुटल्यापासून घराघरात बंदुका आहेत. तू शकांबची लेक आहेस. बार्दोक कुठं लपलाय आणि त्याचा भाऊ फ्रान कोणत्या वाटेनं गिरणीवर जातो, एवढं तेरेझच्या हाती कळव.

तुझा
पाश्क

*

लुगिन
१० जून १९९७

पाश्क,

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. घरात वाचायची सोय नाही. दादासाठी रडायचीही सोय नाही, कारण मारणारा घरचा आहे आणि सून रडली की भिंतीपलीकडं ऐकू जातं. मी म्हशीच्या अंगाला तोंड लावून रडते. फ्रान पुलावर आडवा उभा राहिला तेव्हा मी त्याच्या तोंडावर थुंकले, हे तेरेझनं तुला सांगितलं नसेल.

बार्दोक गेला. त्याच रात्री किनाऱ्याकडं पळाला आणि बोटीत बसून इटलीला पोचलासुद्धा. फ्रानची वाट मात्र मी सांगणार नाही. मी तुझी बहीण आहे, पण या घरात भाकरी थापते. मला खबरी बनवू नकोस.

मला माझी पोरं हवीत, बाकी काही नको. तू रक्त घेणार म्हणून इथले सगळे पुरुष कोंडून बसलेत. तुझा दाजी झेफ तर खाणीत पाय गेल्यापासून बसलेलाच आहे. पण माराश एकोणीस वर्षांचा आहे. ग्रीसला कामाला जायचे त्याचे कागद श्कोदर शहरात अडकलेत आणि श्कोदरची बस तुमच्या काठावरून सुटते. वुक्सान तर अजून मिसरूड न फुटलेला. दिवसभर दोघं खिडकीत वाळूची पोती रचतात आणि एकमेकांवर खेकसतात.

तू माराशला बऱ्याच दिवसांत पाहिलं नाहीस. आता तो थेट तू झालाय. लांबट तोंड, उंच नाक, पुढं आलेली हनुवटी. इथं सगळे रुंद गालाचे आणि बसक्या नाकाचे. बायका मला चिडवतात की द्राना, तू पोरं कुणाच्या घरची काढलीस? डोकंसुद्धा मागून तुमच्यासारखं सपाट. पहिला पाळणा माहेरून येतो ना, तर आईनं आपल्याकडचा पाठवला होता, कडक फळीचा, पोराला पट्ट्यांनी आवळून बांधायचा. सासू म्हणाली होती, आमच्यात डोक्याखाली लोकरीची उशी घालतात. मी ऐकलं नाही. माहेरचा तोरा होता.

एका बापाचे दोन लेक, एक वर राहिला आणि एक खाली आला. त्यानंतर एवढ्या पिढ्या दोन्ही काठांनी एकमेकांची मुलगी केली नाही. कम्युनिस्ट पार्टीच्या राज्यात रक्त घेणं बंद होतं आणि सगळ्यांना एकाच सरकारी शेतात राबवत होते, म्हणून माझं लग्न लागलं. त्यामुळं या काठावर तुमचा चेहरा फक्त माझ्या दोन पोरांना आहे. त्यांना हात लागणार नाही असा शब्द दे.

ताई

*

शकांब
२३ जून १९९७

ताई,

शब्द दिला. तुझ्या पोरांना शकांबमधलं कुणी बोट लावणार नाही. दाजींनाही नाही, पण ते तू मागितलं नाहीस हे माझ्या लक्षात आलं. वाचून जरा हसू आलं, दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

माराशला खुशाल इकडं पाठव. पुलावर आमची माणसं बसलेली असतात, पण ती डोळे मिटून बसत नाहीत. आपला चेहरा बघून कोण गोळी घालेल? आजोबांच्या तरुणपणी व्हिएन्नाहून एक साहेब आला होता ते आठवतं ना? लोखंडी चिमट्यानं दोन्ही काठांच्या माणसांची नाकं नि डोकी मोजत फिरला. दोन्ही एकाच वंशाची, पण तोंडं वेगळी, असं म्हणाला. आजोबा मरेपर्यंत सांगायचे की साहेबानं माझं नाक दोनदा मोजलं, त्याला खरंच वाटेना. अगं, चिमटा कशाला हवा? आपण तर मका उभा असतानाही पलीकडं चाललेलं डोकं कुठल्या काठाचं ते सांगतो. आपल्यात हे कधी चुकलेलं नाही.

कागद होईपर्यंत पोरगा माझ्याकडं राहू दे. मामाच्या घरी भाचा म्हणजे पाहुण्यांतला पाहुणा. आईलाही बरं वाटेल. फ्रानबद्दल तुला पुन्हा विचारणार नाही.

पाश्क

*

लुगिन
१ जुलै १९९७

पाश्क,

माराश आज पहाटे निघतोय, हे पत्र त्याच्याच खिशात आहे. आईसाठी चीज आणि अक्रोड दिलेत. दादासाठी दाढी वाढवायची म्हणतोय. मामाचं सुतक भाच्यानं पाळायचं नसतं असं त्याच्या बापानं सांगितलं, तर म्हणाला, आमच्या घरात कुणीच पाळत नाहीये, मग मी पाळतो.

पोरगं तापट आहे आणि झोपेत बडबडतं. त्याला राकी फार पाजू नकोस. आणि पाश्क, तुमच्या कामात त्याला घेऊ नकोस. तो तिकडं कागदांसाठी येतोय.

ताई

*

शकांब
२६ जुलै १९९७

ताई,

तुझा लेक मजेत आहे. कागद झाले, शिक्का बसला, ऑगस्टअखेर जाईल. त्याआधी तुला भेटून येतो म्हणतो. येत्या शनिवारी संध्याकाळी पूल ओलांडेल. मी म्हटलं, आई तुझी इकडं येईल, बाईमाणसाला कोण अडवतंय? पण तो म्हणतो, बापाला भेटल्याशिवाय जात नाही.

त्याला बघशील तर दचकशील. दाढी चांगली वाढली आहे. पहाटे गारठा असतो म्हणून माझा काळा कोट दिला, तर आई त्याला दोनदा पाश्क म्हणून हाक मारून बसली. गावात लोक मला विचारतात, तू इथं बसलायस तर मघाशी गवत कापत कोण होता? माझी पोरं त्याला नवा पाश्क आणि मला जुना पाश्क म्हणतात.

बाकी इकडं सगळं शांत आहे. काळजी करू नकोस.

पाश्क

*

लुगिन
६ ऑगस्ट १९९७

पाश्क,

शनिवारी मी भाकरी भाजत होते. खालच्या अक्रोडापाशी बंदुकीचा बार झाला, लगेच आणखी दोन. झेफनं वुक्सानला जमिनीवर पाडून धरलं. मग वाटेवरून फ्रान येताना दिसला. बंदूक उलटी धरलेली, म्हणजे कुणाला तरी मारून आलाय. रिवाजाप्रमाणं दारात थांबला आणि झेफला मोठ्यानं म्हणाला, "लाझरचा भाऊ पडला. पाश्क. त्याला उताणा केलाय, त्याची बंदूक उशाला ठेवलीये. तुझ्या बायकोला सांग, जाऊन रडू दे."

पाश्क, मला वाटलं तू मेलास. हातातलं पीठ तसंच घेऊन मी धावले. वाटेत मी तुझ्या नावानं ओरडत होते, लहानपणी तुला हाका मारायची तशा. तुझा कोट लांबूनच दिसला. तुझं तोंड दिसलं. एक गोळी गालातून शिरून कानामागून बाहेर पडली होती, तिथं हाड बाहेर आलं होतं, एक गळ्यात आणि एक पोटात. दाढीत रक्त गोठलं होतं. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि तुला शिव्या घातल्या, की कशाला आलास मेल्या या काठावर मरायला. बऱ्याच घातल्या. मग त्याचा हात हातात घेतला तर तो माझ्या पोराचा हात होता.

मी आई असून लेकाला ओळखलं नाही, तर फ्रानला काय बोलू? पण बोलणार आहे, आणि तुलाही बोलणार आहे. फ्रान मला म्हणाला की आदल्या संध्याकाळी तू गिरणीच्या वरच्या खडकात दबा धरून बसला होतास. तुझी गोळी त्याच्या कानाची पाळी घेऊन गेली. कान मी पाहिला, फडकं बांधलेलं आहे. म्हणजे शुक्रवारी तू या काठावर येऊन गोळी झाडलीस आणि शनिवारी त्याच काठावर माझ्या पोराला तुझा कोट घालून पाठवलंस. मला लिहिलंस, सगळं शांत आहे.

तो माणूस रात्रभर, मग दिवसभर तुझ्या चेहऱ्याची वाट बघत बसला होता. त्याला तोच चेहरा दिसला. तू आपल्या लोकांचे डोळे मोजलेस, त्याचे मोजलेच नाहीस.

माराशला काल पुरला. पुलावरून तुमच्याकडचं कुणी आलं नाही, ते बरं झालं.

द्राना

*

शकांब
१७ ऑगस्ट १९९७

ताई,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. तिला माराश ग्रीसला गेला असं सांगितलंय.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी शब्द तुझ्या पोरांचा दिला होता, फ्रानचा दिला नव्हता. मी त्याच्यावर गोळी झाडली नसती तर लोकांनी मला हातावरून कॉफी दिली नसती. भावाचं रक्त न घेणाऱ्याला कॉफीचा कप गुडघ्याखालून सरकवतात तेव्हा काय होतं ते तुला नाही कळायचं. दोन महिने मी तशी कॉफी प्यायलो. माराशच्या देखत प्यायलो. कोट त्यानं स्वतःहून मागितला होता. मी रोज त्या कोटाचाच विचार करतो, तेव्हा ते तू मला नव्यानं सांगू नकोस.

आता कामाचं ऐक. तुमचा म्हातारा सोकोल आणि आमचे पंच पुलावर भेटले. सोकोल म्हणाला, लाझरच्या बदल्यात लुगिनचा एक पुरुष जायचा होता, तो गेला. कुणाच्या हातानं गेला हे रक्त विचारत नाही. आमच्या पंचांनी दिवसभर घोळ घातला आणि शेवटी मान्य केलं. मीही मान डोलावली. एकाला एक. हिशेब मिटला.

ओरडायच्या आधी विचार कर. फ्रानकडं माराशचं रक्त मागायला कुणीच नाही, कारण दोघं एकाच घराण्याचे. घरातल्या घरात रक्त नसतं, नुसतं दुःख असतं. मी आणखी एक मारला असता तरी माराश उठून बसला नसता. उलट आता वुक्सान मोकळा फिरेल. माझी पोरं मोकळी फिरतील. एवढं जर माराशच्या जिवावर मिळत असेल तर ते टाकून देऊ का? मला सांग, काय करू?

पुढच्या रविवारी सोकोलच्या अंगणात सगळ्यांची समेटाची कॉफी आहे. त्याआधी फ्रान तुमच्या घरी येऊन दाजींचा हात धरेल आणि माफी मागेल, तसं ठरलंय. दाजी हो म्हणालेत. तू तेवढी दारात उभी राहा. तू उभी राहिलीस की लोकांना पटेल.

पाश्क

*

लुगिन
२ सप्टेंबर १९९७

पाश्क,

हे पत्र तेरेझ घाईनं आणेल. तिला थांबवून घेऊ नकोस, वाचून लगेच जाळ.

दारात उभी राहा म्हणालास, मी राहिले. फ्रान आला, रिवाजाप्रमाणं बंदूक बाहेर खुंटीला लावली आणि चुलीपाशी बसला. झेफनं त्याला तंबाखू दिली. मी कॉफी केली आणि हातावरून दिली, गुडघ्याखालून नाही. त्यानं कप घेतला आणि म्हणाला, "वहिनी, देवाशपथ, मला वाटलं तुझा भाऊ आहे." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. खरंच तसं म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मला दिसलं की त्याच्या दृष्टीनं विषय संपला. माझा भाऊ असता तर सगळं ठीकच होतं. तुमच्या दृष्टीनंही संपलाच होता. या नदीच्या दोन्ही काठांना माझं पोर कुणाचंच नव्हतं. तोंड तुमचं म्हणून यांनी मारलं, रक्त यांचं म्हणून तुम्ही मोजून घेतलं.

मी बाहेर गेले आणि त्याचीच बंदूक खुंटीवरून काढली. पहिली गोळी छातीत घातली. कप त्याच्या हातातून सुटला नाही. मग जवळ गेले आणि उरलेल्या सगळ्या तोंडावर घातल्या, थांबत थांबत, कुठला काठ आहे ते कुणाला सांगता येऊ नये इतक्या. झेफ ओरडत होता आणि लंगडत उठायला बघत होता. माझ्या हाताला चटका बसला, अजून फोड आहे. मला त्या वेळी बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी काय धरून चालले होते ते ऐक. बाईच्या हातून रक्त सांडलं तर ते सासरचं नसतं, बापाच्या घराच्या दारात जातं, हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. मला ते तुझ्याच दारात टाकायचं होतं. माझ्या पोराच्या जिवावर तू मान डोलावलीस ना, मग तुझ्या पोरांनीही खिडक्यांत वाळूची पोती रचावीत. फ्रानचे दूरचे कुणी येतील तुझ्यामागं, कधीतरी, वर्षा दोन वर्षांनी, असं मला वाटलं. एवढाच माझा हिशेब होता.

सोकोल आला. प्रेताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. पंच अंगणात बसले आणि मी आतून ऐकत होते. बाईचं रक्त शकांबच्या बापाच्या घराकडं, म्हणजे तुझ्याकडं जातं, हे लगेच ठरलं. मग सोकोल झेफला म्हणाला, "मेला तो तुझ्या घरात मेला. हातात तुझ्या घरची कॉफी होती. चुलतभाऊ नंतर, पाहुणा आधी. पाहुण्याचं रक्त यजमानाच्या घरानं घ्यायचं असतं."

झेफ म्हणाला, मी पांगळा आहे. सोकोल म्हणाला, तुला मुलगा आहे.

पाश्क, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळं मोजलं आणि हे मोजलं नाही. त्यांनी वुक्सानला बाहेर बोलावलं आणि फ्रानची तीच बंदूक त्याच्या हातात दिली. मी मध्ये पडले, त्याचे पाय धरले. सोळा वर्षांचं पोर. मग म्हणाला, आई, तू मला कुणाला मारायला लावलंस ते तुला कळतंय का? आणि मला ओलांडून गेला. जाताना त्याचं तोंड बाजूनं दिसलं. या उन्हाळ्यात तोही तुझ्यासारखा व्हायला लागलाय.

त्याला कोंडायला बघितलं तर झेफनं मलाच कोंडलं. तेरेझ खिडकीतून आलीये, म्हणून हे लिहितेय. वुक्सान काल संध्याकाळी निघाला. तो पुलावरून येणार नाही, वरून, मेंढ्यांच्या लांबच्या वाटेनं येईल. तुमच्या माणसांना दिसला तर आपलाच कुणी समजून ते सोडून देतील. तू त्याला ओळखशील.

तुझ्या पोरांना आत ठेव, आईला आत ठेव. तू बाहेर राहा. मी तुझी थोरली बहीण आहे, तुला कडेवर घेऊन फिरले आहे, म्हणून हे मागायची मला लाज वाटत नाही. तो गोळी झाडेल. तू झाडू नकोस.

ताई